पहिलं चित्र विकत घेताय? मालकीचा कागद त्याच दिवशी करून घ्या

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. आपल्या जिल्ह्यात जन्मलेला चित्रकार म्हणून सोलापूरकरांना तो आकडा लक्षात राहिला तर नवल नाही. पण ज्याला चित्रं जमवायची आहेत, त्याने त्या चित्राचा प्रवास लक्षात ठेवावा. १९५४ साली काढलेलं, जवळपास चौदा फूट लांबीचं ते चित्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या लिओन वोलोदार्स्की या डॉक्टरांनी त्याच वर्षी घेतलं, नॉर्वेला नेलं आणि १९६४मध्ये ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं. सत्तर वर्षांत चित्र कुणाकडे होतं हे वर्षानिशी सांगता येतं. मधला एकही टप्पा अंधारात नाही.

आपलं पहिलं चित्र पाच हजारांचं असेल, पंधराचं असेल, पन्नासचंही असेल. ते कधी कोटीला जाईल म्हणून हा लेख लिहीत नाही. आवडीने घेतलेलं चित्र खरं आहे, ते अमुकच कलाकाराचं आहे आणि ते आपलंच आहे, हे तीस वर्षांनी आपल्या मुलांनाही सांगता यावं, एवढ्यासाठी लिहितोय. आजच्या कलाकाराचं काम घेण्यात एक फार मोठी सोय असते: तो कलाकार हयात असतो, समोर बसलेला असतो, त्याला विचारता येतं, त्याच्याकडून लिहून घेता येतं. ही सोय बहुतेक जण वाया घालवतात.

पहिली पायरी: आधी बघा, घाई नको

सोलापुरात व्यापारी आर्ट गॅलरींचं जाळं नाही. पण कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं असतात आणि शहरात राहून काम करणारे चित्रकार आहेत. त्यांतले बरेच जण शाळा-महाविद्यालयांत कलाशिक्षक आहेत. आधी कळवून गेलात तर घरातली कामं आनंदाने काढून दाखवतात. सुरुवात इथूनच करा.

मग मुंबई. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलात तर अख्खा दिवस हाताशी राहतो. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे लागत नाहीत, प्रदर्शनं साधारण आठवड्याने बदलतात आणि बहुतेक वेळा कलाकार स्वतः दालनात बसलेला असतो. आसपासच्या खासगी गॅलरींतही बिनधास्त शिरा. विकत घेतलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. पुण्याला बालगंधर्वचं कलादालन आहे. पहिल्या काही फेऱ्यांत पाकीट उघडूच नका. कोणतं चित्र घरी आल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नाही, त्याची नोंद ठेवा. कलाकाराचं नाव, माध्यम, आकार, सांगितलेली किंमत हे सगळं वहीत उतरवा. दहा-वीस कलाकारांच्या किमती अशा लिहून झाल्या की भावाचा अंदाज आपोआप येतो. आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंच किंवा चौरस फुटाच्या हिशेबाने किंमत ठरवतात, ते विचारायला लाजू नये.

दुसरी पायरी: नेमकं काय विकत घेतोय?

‘हे ओरिजिनल आहे ना?’ एवढा प्रश्न पुरत नाही. कॅनव्हासवर छापलेलं, वर थोडा जाड ब्रश फिरवलेलं काम दुकानात ‘हॅन्डमेड’ म्हणून मिळतं. भिंगातून पाहिलं तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात; खऱ्या रंगात ब्रशचे वळ आणि एका थरावरचा दुसरा थर दिसतो. चित्र उलटं करून मागची बाजू बघायला मागा. ज्याला लपवायचं नाही तो आनंदाने उलटं करतो.

मुद्राचित्रं, म्हणजे कलाकाराने स्वतः केलेल्या ठशावरून उमटवलेली एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, सेरिग्राफ, ही वेगळी गोष्ट. ती एकाहून जास्त असतात आणि तरीही मूळच असतात. खाली पेन्सिलीने ३/२५ असं लिहिलेलं असतं: पंचवीस प्रतींतली तिसरी. शिवाय कलाकाराच्या स्वतःच्या काही प्रती असतात, त्यांवर एपी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. एपी किती काढल्या तेही विचारा, कारण पंचवीसच्या बाहेर आणखी दहा असतील तर तुमची प्रत पस्तिसांतली एक झाली. कमी बजेटात चांगल्या कलाकाराचं काम घ्यायचं असेल तर मुद्राचित्रासारखा मार्ग नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि सोलापूरकराने विणलेल्या चित्राकडे पाठ फिरवू नये. आपल्याकडच्या पद्मशाली विणकरांनी जकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर भिंतीवरची विणीव चित्रं करण्याची कला इथे रुजवली. चादरीचं नाव जगभर झालं, पण या कामाकडे संग्राहक म्हणून बघणारे आपण फार थोडे. व्यक्तिचित्र, देवदेवता, निसर्ग, सगळं धाग्यात. इथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. जकार्डच्या कामात नक्षी भोकं पाडलेल्या पत्त्यांत किंवा हल्ली संगणकाच्या फाइलमध्ये असते. ते पत्ते जोवर शाबूत आहेत तोवर तेच चित्र पुन्हा विणता येतं. म्हणून विचारा: हे किती नग विणले? आणखी विणणार का? चित्राचा आराखडा कुणाचा, माग कुणी चालवला? हातमाग की यंत्रमाग? आराखडा करणारा आणि विणणारा वेगळे असतील तर दोघांचीही नावं कागदावर यावीत. विणकराचं नाव बिलात न येणं ही जुनी खोड आहे आणि ती घेणाऱ्यानेच मोडायला हवी. ‘या आराखड्याचे एकूण पाच नग, हा दुसरा’ असं लिहून सही मिळाली, तर तुमच्या हातातल्या विणीव चित्राला खरा दर्जा मिळाला.

तिसरी पायरी: कागद

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. ओळखीच्या माणसाकडून पावती कशी मागायची, हा आपल्याकडचा मोठा संकोच. कलाकार मित्राचा मित्र असतो, घरी चहा झालेला असतो, आणि तिथे ‘लिहून द्या’ म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. सरळ सांगावं: ‘ताई, चित्र पुढच्या पिढीपर्यंत जपायचंय, म्हणून तुमच्या हातचं लिहून हवंय.’ कुठल्याही कलाकाराला हे ऐकून बरंच वाटतं.

तीन गोष्टी हव्यात. एक, बिल. त्यावर तारीख, दोघांची नावं-पत्ते, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि रक्कम. ‘एक पेंटिंग, १५,०००’ एवढंच लिहिलेलं बिल उद्या कुठल्याही चित्राला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी. कलाकार जीएसटीत नोंदणीकृत नसेल तर तो जीएसटी लावू शकत नाही, साधी सही केलेली पावती चालते. नोंदणीकृत गॅलरीकडून घेत असाल तर जीएसटी लागेल. २२ सप्टेंबर २०२५पासून चित्र-शिल्पांवरचा दर १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

दोन, पैशांची खूण. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात चित्राचं नाव टाका. बिल, बँकेची नोंद आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जुळली की खोटेपणाला जागा उरत नाही. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने विकणाऱ्याला मना आहे.

तीन, सत्यतेचं प्रमाणपत्र. छापील सोनेरी किनारीच्या कागदाला काही अर्थ नसतो, मजकुराला असतो. हा नमुना उतरवून घ्या:

‘मी खाली सही करणारा/करणारी, असं लिहून देतो/देते की सोबतच्या छायाचित्रातलं, “…” या नावाचं चित्र मी स्वतः सन … मध्ये काढलं आहे. माध्यम …, आकार … × … सेंटिमीटर, सही … या ठिकाणी. हे चित्र एकमेव आहे / एकूण … प्रतींपैकी … क्रमांकाची प्रत आहे. हे चित्र दिनांक … रोजी श्री./श्रीमती … यांना रुपये … घेऊन विकलं असून पूर्ण रक्कम मिळाली आहे. या तारखेपासून चित्राची मालकी त्यांची आहे. चित्रावर अन्य कुणाचा हक्क, गहाण किंवा बोजा नाही. कॉपीराइट माझ्याकडेच राहील / त्यांना दिला आहे.’

चित्राचा छोटा फोटो कागदावर चिकटवा आणि कलाकाराची सही अशी घ्या की अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येईल. मग फोटो बदलता येत नाही. साध्या खरेदीला स्टॅम्पपेपरची गरज नाही. रक्कम मोठी असेल, हप्ते असतील किंवा चित्र काढून घ्यायचं असेल, तर करार करा. महाराष्ट्रात आता त्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर लागतो आणि नोटरी जिल्हा न्यायालयाच्या आवारात मिळतात. हप्त्यांच्या व्यवहारात मालकी कोणत्या दिवशी तुमच्याकडे येणार हे स्पष्ट लिहा: पहिल्या हप्त्याला की शेवटच्या? कायदा हे दोघांच्या ठरलेल्या इराद्यावर सोडतो आणि इराद्याचा पुरावा कागदच असतो.

चित्राच्या मागे कलाकाराकडून नाव, वर्ष, माध्यम लिहून घ्या, पण लाकडी चौकटीवर, कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने नाही, कारण दाब आणि शाई पुढे उमटू शकते. कागदावरच्या कामामागे फक्त मऊ पेन्सिल. आणि जमलं तर कलाकार चित्र हातात धरून उभा आहे असा एक फोटो काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नव्हे, कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली तिची ओळख-संख्या, नोंदवायची असते. मूळ फाइल असेल तरच त्याला अर्थ.

चौथी पायरी: काय आपलं नाही तेही समजून घ्या

चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा फोटो दिनदर्शिकेवर, साडीच्या पदरावर किंवा दुकानाच्या पाटीवर छापायचा हक्क मिळत नाही. तो कॉपीराइट. लेखी दिला नसेल तर तो कलाकाराकडे राहतो, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. एक अपवाद ध्यानात ठेवा: तुम्ही पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमचा असतो. म्हणून आजोबांचं व्यक्तिचित्र काढून घेताना दोघांनी आधीच बोलून घ्यावं.

मालक झालात तरी चित्राची मोडतोड करता येईल असं समजू नका. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली उतरवलं गेलं आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्पकार सरकारविरुद्ध लढले आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. वस्तू सरकारच्या मालकीची होती, तरी कलाकाराची प्रतिष्ठा वेगळी राखली गेली. हा निकाल मला आपल्या कलाव्यवहारातला फार मोलाचा वाटतो.

पाचवी पायरी: दुसऱ्या हाताचं काम

जुन्या संग्रहातून, नातेवाइकाच्या घरातून किंवा दलालाकडून चित्र येतं तेव्हा कलाकार समोर नसतो. तिथे सगळी मदार मालकांच्या साखळीवर. शेत घेताना आपण नुसता चालू सात-बारा बघत नाही, मागचे फेरफार काढतो. तसंच इथे करायचं. कलाकाराकडून पहिल्यांदा कुणी घेतलं, त्याच्याकडून कुणाकडे आलं, बिलं आहेत का, कुठल्या प्रदर्शनाच्या यादीत नाव आहे का, मागे गॅलरीची जुनी चिठ्ठी आहे का? विकणाऱ्याचा जेवढा हक्क असतो त्याहून जास्त हक्क सहसा घेणाऱ्याकडे येत नाही. चोरीचं चित्र पूर्ण पैसे मोजून घेतलं तरी ते आपलं होत नाही.

‘नाव गुप्त ठेवू इच्छिणाऱ्या एका जुन्या श्रीमंताचा संग्रह’ असं कानावर आलं की सावध व्हा. न्यूयॉर्कची नोडलर ही दीडशे वर्षांहून जुनी गॅलरी अशाच एका कहाणीने बुडाली. रॉथको, पोलॉक या नामवंत अमेरिकी चित्रकारांची म्हणून विकलेली कोट्यवधी डॉलरची चित्रं क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका चित्रकाराने काढलेली निघाली. एका पोलॉकवर तर सहीचं स्पेलिंगच चुकलेलं होतं. गॅलरी २०११मध्ये बंद झाली. तिथे घेणारे अडाणी नव्हते. साखळीतली रिकामी जागा त्यांनी गॅलरीच्या नावावर भरून घेतली होती.

महागडं काम असेल तर चोरीच्या आणि हरवलेल्या कलाकृतींची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडे शोध करवता येतो आणि इंटरपोलचं आयडी-आर्ट हे मोफत अ‍ॅप फोनवर घेऊन चोरीच्या यादीत स्वतःच पाहता येतं. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, निकोलस रोरिक, शैलोज मुखर्जी या नऊ जणांची कामं १९७२च्या कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर हे आधी कळलेलं बरं.

सहावी पायरी: डिजिटल काम आणि एनएफटी

व्हिडिओ किंवा डिजिटल चित्र घेताना फाइलपेक्षा सही केलेलं प्रमाणपत्र महत्त्वाचं, कारण फाइलच्या हव्या तेवढ्या नकला होतात. एनएफटी म्हणजे मालकीचं डिजिटल टोकन; त्यात हा कागद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीत, असतो. २०२१मध्ये बीपल या कलाकाराचं एनएफटी क्रिस्टीजमध्ये ६.९ कोटी डॉलरला गेल्यापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालं. पण टोकन म्हणजे चित्र नव्हे. बहुतेक वेळा टोकनमध्ये चित्राचा फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावरची फाइल कुणाच्या सर्व्हरवर असेल आणि तो बंद पडला, तर तुमच्याकडे रिकामं टोकन उरतं. म्हणून फाइल कुठे साठवली आहे ते विचारा, टोकन खरोखर त्याच कलाकाराने काढलंय हे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पडताळा आणि फाइलची प्रत मागून घ्या. टोकन ज्या डिजिटल वॉलेटमध्ये असतं त्याचे परवलीचे शब्द ज्याच्या हातात, तोच मालक. ते कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नव्हे. भारतात यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. नवख्याने इथून सुरुवात करू नये, असंच मी सांगेन.

सातवी पायरी: फाइल आणि भिंत

प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या आणि एक फाइल. त्यात बिल, प्रमाणपत्र, बँकेच्या नोंदीची प्रत, प्रदर्शनाचं पत्रक, कलाकाराशी झालेला पत्रव्यवहार. फोटो पुढून, मागून, सहीचा जवळून, आणि ओरखडा, डाग, दुमडलेला कोपरा अशा प्रत्येक खुणेचा. त्या खुणांनीच उद्या पोलिसांना किंवा विमा कंपनीला ‘हेच ते चित्र’ असं दाखवता येतं. कागद आणि चित्र एकाच खोलीत ठेवू नका. घराच्या विम्यात चित्रं बहुतेक वेळा वेगळी जाहीर करावी लागतात, एजंटला स्पष्ट विचारा.

भिंतीचं म्हणाल तर सोलापूरचं ऊन विसरून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. तिथे चित्र नकोच. थेट उजेडात जलरंग उडतात, विणीव चित्राचे धागे फिके होतात. फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा) माऊंट सांगा, मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड नको, काच कागदाला टेकता कामा नये. फ्रेमच्या मागे बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं कधीच नाही. विणीव चित्र ठेवून द्यायचं असेल तर घडी घालू नका, मलमलीत गुंडाळी करा.

शेवटी: देणं, विकणं, वारसा

दागिन्यांप्रमाणेच चित्रंही आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जातात. २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन कर. खरेदीचं बिल नसेल तर मूळ किंमत कशी दाखवणार? नातेवाइकाबाहेरच्या व्यक्तीकडून वर्षात ५० हजारांवरची चित्रं भेट आली तर तीही उत्पन्नात धरली जातात. दहा हजारांहून जास्त किमतीला फेरविक्री झाली तर मूळ कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. व्यवहारात हे फार थोडे जण पाळतात. तुम्ही पाळा. ज्याच्याकडून वीस वर्षांपूर्वी आठ हजारांना घेतलं, त्याला लाखाच्या विक्रीतले काही हजार देण्यात आपलं काही कमी होत नाही.

मृत्युपत्रात ‘घरातली चित्रं’ असा मोघम उल्लेख करू नका. फाइलमधले क्रमांक घाला आणि कोणतं कुणाला ते लिहा. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यांना चित्र मिळणार ते साक्षीदार नसलेले बरे. विकताना मूळ कागद नव्या मालकाच्या हवाली करा, स्वतःकडे झेरॉक्स ठेवा, त्याच्याकडून तारखेसह पोच घ्या, आणि कलाकाराला एका ओळीने कळवा की त्याचं चित्र आता कुणाकडे आहे.